खारक्याचं पथ्य

एस.टी.त कंट्रोलर म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाला एका कुत्र्याचं पथ्य सांभाळणं काय अवघड आहे, असं मी डॉक्टरीणबाईंना तोंडावर सांगितलं. म्हटलं, मी जत्रेच्या दिवशी गाड्या सोडल्यात. ड्रायव्हर रुसून बसलाय, कंडक्टर सापडत नाहीये, माणसं खिडकीतून आत शिरतायत, अशा वेळीसुद्धा गाडी सोडलीय. इथं तर नुसतं एका कुत्र्याला खायला द्यायचं नाही. त्यात काय?

डॉक्टरीणबाई नुसत्या हसल्या. पुढे मला ते हसणं फार आठवलं.

खारक्या आमच्याकडे ओझरहून आला. दर्शनाला गेलो होतो, तिथे कुणाची तरी शहरातली गाडी निघून गेली आणि हे पिल्लू पार्किंगमध्ये राहिलं. कुणी विसरलं की मुद्दाम सोडलं, हे विघ्नहराला माहीत. रंग खारकेसारखा, म्हणून नाव खारक्या. आमच्या महाळुंगे पडवळात कुत्र्यांचे कान ताठ असतात. याचे मात्र पातेल्यावर फडकं टाकावं तसे दोन्हीकडून खाली लोंबलेले. सगळी पोरं त्या कानांवर फिदा होती, आणि सगळा घोळ त्या कानांतच झाला.

दर दोन-तीन महिन्यांनी कान चिघळायचा. खारक्या मान झटकत बसायचा, पंज्यानं कान खरवडायचा, आणि जवळ गेलं की असा वास यायचा की माझी बायको सारजा उदबत्ती लावायची. औषधाच्या दुकानातून थेंब आणले की आठ-दहा दिवसांत बरं वाटायचं. थेंब बंद केले की पुन्हा तेच. मग गावानं उपाय सांगितले. कुणी म्हणालं लसणाचं तेल, कुणी म्हणालं हळद, कुणी म्हणालं कानात विडी ओढून धूर सोडा. विडीचा उपाय सांगणाऱ्यानं विडी माझ्याकडूनच मागून घेतली आणि स्वतःच ओढली.

शेवटी मंचरला डॉक्टर झेबा इनामदार यांच्या दवाखान्यात गेलो. मूळच्या जुन्नरच्या, बोलायला मऊ आणि ऐकून घ्यायला कडक. त्यांनी नळी घालून दोन्ही कान पाहिले, पंजे पाहिले, पोटाखालची लाल झालेली कातडी पाहिली.

"तेल कुणी घातलं?"

मी आणि सारजा एकमेकांकडे पाहायला लागलो.

"यापुढे तेल नाही, हळद नाही, काही नाही," त्या म्हणाल्या. "काका, हा पंजे चाटतो ना सारखा? मला वाटतं याला ॲलर्जी आहे, आणि बहुतेक खाण्याची आहे. आपण दर वेळी कान बरा करतो, पण कारण तसंच राहतं. म्हणून परत परत होतं."

"मग होऊ द्या की, थेंब आहेतच," मी म्हणालो.

"आतली कातडी जाड होत चाललीय. असंच चाललं तर कानाची नळी बंद होईल. मग पुण्याला नेऊन ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतर ऐकू येणं जवळजवळ संपेल."

 आमचं घर मळ्यात, तिन्ही बाजूंनी ऊस. उसात बिबट्या आला की शेळ्यांच्या आधी खारक्याला कळतं. पण खरं सांगायचं तर बिबट्या हे निमित्त झालं. मी फाट्यावरून स्कूटर वळवली की हा घरात झोपलेला उठून दारात येऊन उभा राहतो. निवृत्त माणसाची वाट पाहणारं जगात फार कुणी नसतं. तो बहिरा झालेला मला चालणार नव्हता.

"मग करायचं काय?" सारजानं विचारलं.

"दोन महिने त्याला असं काहीतरी खायला द्यायचं, जे त्यानं आयुष्यात कधीच खाल्लेलं नाही. फक्त तेच. कान बरा राहिला, तर दुखणं खाण्याचंच होतं हे कळेल. मग जुना एकेक पदार्थ सुरू करून नेमकं काय बाधतं ते शोधू. सांगा, यानं काय खाल्लेलं नाही?"

सोपा प्रश्न वाटला, पण उत्तर सापडेना.

"गहू?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज," सारजा म्हणाली.

"दूध? अंडी?"

"दूध मागून घेतो. अंडं कोंबडीला कळायच्या आत खातो."

"चिकन, मटण?"

"आमच्यात न्हाई हो, आमी माळकरी. पन वरच्या आळीला जत्रंत कोन काय टाकतं, आमी कुटं बघाय जातोय?"

"मासे?"

 आमची सगळी भावकी माळकरी आणि वरच्या आळीला कोंबडी-बकऱ्याचाच नाद. मासा आमच्या बाजूला कधी आलाच नव्हता.

"झालं तर मग," डॉक्टर म्हणाल्या. "उकडलेले मासे आणि रताळं, रताळं सहसा बाधत नाही. काटे नीट काढून. दुसरा एक घाससुद्धा नाही."

त्याच वेळी मी ते जत्रेच्या गाड्यांचं वाक्य टाकलं.

सारजानं घरी येताच अटी घातल्या. मासा उंबऱ्याच्या आत येणार नाही. पातेलं वेगळं. चूल गोठ्यामागे. शिजवणारे तुम्ही, आणि शिजवल्यावर अंघोळ करूनच घरात. अशा रीतीनं गळ्यात तुळशीची माळ असलेला मी मंचरच्या बाजारात डोक्याला मफलर गुंडाळून, तोंड झाकून तय्यबभाईंकडे मासे घ्यायला उभा राहिलो. तय्यबभाईंनी पहिल्याच दिवशी पिशवी हातात देत विचारलं, "कंट्रोलरसाहेब, उन्हात मफलर कशाला बांधलाय?"

मासे जमले. कान धुणंही जमलं. औषध कानात ओतायचं, कानाचं बूड चोळायचं आणि खारक्या मान झटकेल तेव्हा लांब उभं राहायचं, हे मी दोन शर्ट घालवून शिकलो. राहिला होता फक्त गाव.

आमच्याकडे दारात आलेल्या जित्राबाला रिकामं पाठवत नाहीत. खारक्या दुपारी भावकीतले सगळे उंबरे फिरून यायचा आणि प्रत्येक उंबऱ्यावर त्याची चतकोर ठरलेली. म्हणून मी घरोघर जाऊन सांगितलं. लोक हसले, पण कबूल झाले. शेवटचं घर दादाभाऊचं होतं.

दादाभाऊ माझा चुलतभाऊ. आमच्या दोघांत एक बांध आहे, आणि त्या बांधावरून आम्ही कित्येक वर्षं एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. ही तेढ कुणी मिटवली म्हणाल, तर खारक्यानं. त्याला भांडणाची कल्पनाच नव्हती. तो त्यांच्याकडे जेवायचा आणि आमच्याकडे झोपायचा. त्याला शोधायला सारजा एकदा त्यांच्या दारात गेली, तिला दादाभाऊची आई कोंडाकाकी हिनं बसवून घेतलं, आणि गेल्या वर्षी आम्ही पुन्हा एका पंगतीला बसलो. आमच्या समेटाला जेमतेम वर्ष झालं होतं.

अशा घराच्या दारात उभं राहून मी कंट्रोलरच्या आवाजात म्हणालो, "दादाभाऊ, उद्यापासून आमच्या खारक्याला तुमच्या घरचं काही घालायचं नाही."

दादाभाऊ धार काढत होता. त्याचा हात थांबला.

"का?"

"डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय. ॲलर्जी आहे."

"कुत्र्याला पथ्य?"

"हो. दोन महिने फक्त मासे आणि रताळं."

दादाभाऊनं एकदा माझ्या माळेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बरं," म्हणाला, आणि परत धार काढायला लागला. मला वाटलं, काम झालं. मी गाडी सोडल्याच्या समाधानात घरी आलो. तिकडे त्यांच्या घरात मात्र अर्थ लागला तो असा, की सावळेरामला, म्हणजे मला, त्यांच्या घरचं अन्न नको झालंय आणि सांगायला धड कारणही सुचलं नाही. भावकीत ताट नाकारायला लोक आजवर पुष्कळ कारणं सांगत आलेत, पण कुत्र्याची ॲलर्जी हे कुणी ऐकलं नव्हतं.

तरीही हे निभावलं असतं. पण एका दुपारी बांधून ठेवलेल्या खारक्यानं दोर तोडला आणि तो थेट कोंडाकाकीच्या दारात गेला. काकीचं वय झालेलं, पथ्याचं तिला कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. तिनं दूध लावलेली भाकरी त्याच्या पुढ्यात टाकली. मी मागून धावत पोचलो, त्यानं तोंड घालायच्या आत भाकरी हिसकावली आणि घाईघाईत कुंपणापलीकडे भिरकावली.

खारक्याचा घास वाचला. पण वळून पाहतो तर काकी दारात उभी. तिच्या हातची भाकरी मी तिच्या डोळ्यांदेखत फेकली होती.

"काकी, अगं, त्याला चालत नाही," मी म्हणालो.

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बांधावर काट्या पडल्या. विहिरीवर माझी पाण्याची पाळी आली की दादाभाऊला नेमकी मोटर दुरुस्त करायची असायची. सारजाला त्यांच्याकडच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, आणि तो राग तिनं माझ्यावर काढला. तेवढ्यात मंचरच्या बाजारात मला कुणीतरी मफलरासकट ओळखलं. मग गावात असं झालं की, कंट्रोलरला भावाच्या घरची भाकरी चालत नाही, मासे चालतात.

गंमत म्हणजे खारक्याचा कान सुधारत होता. वास गेला. मान झटकणं थांबलं. पंजे चाटणं बंद झालं. मी रोज कान उलटून पाहायचो आणि आतली गुलाबी कातडी बघून एकटाच खूश व्हायचो. खूश व्हायला बरोबर दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

पथ्य संपायला थोडेच दिवस राहिले असताना भावकीतले वडीलधारे हौशीरामअण्णा यांनी आम्हा दोघांना देवळाच्या ओट्यावर बोलावलं. अण्णांचा शब्द आमच्यात कुणी मोडत नाही.

"दादाभाऊ, तुजं म्हननं काय ते सांग," अण्णा म्हणाले.

"आमचं म्हननं लई न्हाई, अण्णा. आमच्या दारात येऊन जेवावं. समद्यांसमोर."

"उद्याच येतो," मी लगेच म्हणालो. "पोटभर जेवतो."

"तुमचं कोन बोलतंय? तुमी जेवा न्हाईतर नका जेवू," दादाभाऊ म्हणाला. "खारक्या जेवला पायजे. आईनं त्याच्यापायी दोन दिस घास घेतला न्हवता."

अण्णांनी मान डोलावली. "रास्त हाय. उद्या दुपारी खारक्या दादाभाऊच्या दारात जेवंल. मिटलं."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. विचारलं, एकच घास भाकरी चालेल का, फार नाजूक मामला आहे. त्या म्हणाल्या, "काका, एका घासानं पुन्हा सुरू होऊ शकतं. मग सगळं पहिल्यापासून. आणि त्या कानाला पुन्हा पहिल्यापासून परवडणार नाही." फोन ठेवून मी ओट्यावर बसून राहिलो. इकडे भाऊ, तिकडे कान. एस.टी.त असा पेच आला की मी वरच्या साहेबांना विचारायचो. इथे वरचे साहेब अण्णाच होते, आणि त्यांनी निकाल देऊन टाकला होता.

संध्याकाळी मी खारक्याला घेऊन कोंडाकाकीच्या दारात गेलो. ती अंगणात बसली होती. मी खारक्याला तिच्यापुढे बसवलं आणि त्याचा कान उलटा केला.

"वास घे, काकी."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग वाकून वास घेतला. पूर्वी याच कानाला ती पदर नाकाला लावून हात लावायची.

"वास न्हाई की रं," ती म्हणाली.

"तू घातलेलं वाईट नव्हतं, काकी. कुणाचंच नव्हतं. त्याला काय बाधतं तेच कळत नव्हतं. आता एक भाकरी खाल्ली तर हा कान परत नासेल आणि त्याला तुझी हाक ऐकू येणार नाही. मी तुझी भाकरी फेकली, माझं चुकलं. पण खरंच घाबरलो होतो."

काकी खारक्याच्या कानावरून बोटं फिरवत राहिली. "मंग उद्या काय घालायचं त्येच्यापुढं?"

"त्याला मासेच चालतात."

तिचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. मग म्हणाली, "तुज्याबी गळ्यात माळ हाय. तू शिजवतोस न्हवं? मंग म्या का शिजवू नये?"

 मी तिच्या पाया पडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाभाऊच्या अंगणात सगळी भावकी जमली. अंगणाच्या कडेला तीन दगडांची चूल, वर माझंच पातेलं. काकीनं पदर नाकावरून घट्ट बांधून घेतला होता. काटे मी काढतो म्हटलं, तर म्हणाली, "माज्या दारातलं ताट म्याच वाढनार." आणि त्या म्हातारीनं, जिनं जन्मात मासा हाती धरला नव्हता, एकेक काटा बोटांनी चाचपून काढला.  

ताट मांडलं. अण्णांनी खूण केली. मी खारक्याचा पट्टा सोडला.

खारक्या ताटाजवळ गेला, वास घेतला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि खाली बसला. तोंड लावलं नाही. दोन महिने तेच मासे आणि तेच रताळं खाऊन बिचारा कंटाळला होता, शिवाय समोरच्या दारातून ताज्या भाकरीचा वास येत होता. हे मला कळत होतं. दादाभाऊला वेगळं कळलं.

"शिकवून आनलंय," तो हळूच म्हणाला.

काकीचे डोळे भरून आले.  मी खारक्याशेजारी फतकल घातलं, ताटातला रताळ्याचा तुकडा उचलला आणि म्हणालो, "खा रे बाबा, बघ, मी खातो." नुसतं तोंड हलवायचं ठरवलं होतं. पण काकी माझ्याकडेच पाहत होती, आणि तिच्यासमोर खोटं खाणं मला जमलं नाही. मी तुकडा तोंडात टाकला आणि गिळला.

माझ्या हातातलं ते चांगलं, हा खारक्याचा पहिल्यापासूनचा समज. तो उडी मारून उठला आणि बघता बघता ताट चाटून पुसून लख्ख केलं. काकी पदराआडून हसायला लागली. दादाभाऊनं येऊन माझ्या पाठीवर हात टाकला. "चला, आता आपन बी जेवू," म्हणाला. अण्णा म्हणाले, "मिटलं." मला वाटलं, सुटली गाडी.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सारजाचा आवाज आला.

"अहो, गिळलं का तुमी?"



"रताळं होतं," मी म्हणालो. "उपासाला चालतं."

"शिजलं कशात व्हतं?"

यावर भावकीत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, रताळं ते रताळं. दुसऱ्याचं म्हणणं, पाणी माशाचंच. अण्णांनी इतका वेळ विचार केला की मला आशा वाटायला लागली. मग ते म्हणाले, "सावळेराम, माळ मोडली तुजी." काकीनं शिजवलं, पण चाखलं नव्हतं. तिची शाबूत राहिली.

पथ्य संपल्यावर मंचरला गेलो. डॉक्टरांनी दोन्ही कानांत पाहिलं. "नळी मोकळी झालीय, काका," म्हणाल्या. "ऑपरेशन टळलं. आता एकेक पदार्थ सुरू करा. एका वेळी एकच, आणि काही बाधतंय का बघा." मला तिथंच डोळ्यांना रुमाल लावावा लागला. सारजानंही लावला, पण तिचं सगळं लक्ष डॉक्टर सांगत होत्या त्याकडे होतं.

घरी आल्यावर तिनं माझं ताट गोठ्यात मांडलं. सप्ताहाला महाराज गावात येऊन नवी माळ घालेपर्यंत तिथेच जेवायचं, असं सांगितलं. वर म्हणाली, डॉक्टरीणबाईंची रीत चांगली आहे, तुम्हालाही एका वेळी एकच पदार्थ सुरू करू.

पहिला मान म्हणून खारक्याची भाकरी कोंडाकाकीकडे सुरू झाली, आणि ती त्याला उत्तम पचली. या आठवड्यात त्याला दूधही मिळतंय. मला अजून कोरड्या भाकरीवरच ठेवलंय, कारण सारजा म्हणते, माझी प्रगती समाधानकारक नाही.